स्वस्त उपकरणं अडगळीत टाकू नका

मा. संपादक,

मी रुग्णालयातली उपकरणं दुरुस्त करतो. महासाथीत श्वसनयंत्रं कमी पडली तेव्हा युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनने मर्सिडीजच्या अभियंत्यांसोबत जुनं सीपॅप यंत्र (रुग्ण स्वतः श्वास घेत असताना सतत दाबाने हवा देऊन फुफ्फुसं उघडी ठेवणारं) उकलून १०० तासांच्या आत नवं घडवलं. एप्रिल २०२० मध्ये आराखडाही मोफत खुला केला. केवढं मोठं मन! बबल सीपॅप तर त्याहून साधं. उच्छ्वासाच्या नळीचं टोक पाण्यात जितके सेंटिमीटर बुडवाल, साधारण तितक्याच सेंटिमीटर पाण्याचा दाब फुफ्फुसात टिकतो. बुडबुडे थांबले की आधी गळती शोधायची.

साथ ओसरली म्हणून ही यंत्रं कोपऱ्यात टाकू नयेत. अधूनमधून जोडून दाब मोजावा. रबरी नळ्या नुसत्या पडूनही कडक होतात, तडकतात. त्या आत्ताच बदला.

– एक उपकरण तंत्रज्ञ