‘ऊर्फ’ कधी पुसायचं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत बाळाचं नाव कसं निवडावं यावर एक लेख आला होता. नावाचा अर्थ मुलाच्या स्वभावात उतरतो, म्हणून नीट अर्थ बघून नाव ठेवावं, असं लेखिकेने ठासून लिहिलं आहे. शौर्य ठेवलं तर मूल धीट होणार, शांती ठेवलं तर मुलगी शांत होणार. वाचून आधी मी हसले. सगळी नोकरी सातारा जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये हजेरी घेण्यात गेली. नावाप्रमाणे स्वभाव निघत असते तर माझं काम फार सोपं झालं असतं. वर्गातला सगळ्यात आगाऊ पोरगा बहुतेक वेळा विनय नाहीतर सुशील असायचा. ‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’ ही म्हण आपल्याकडे उगाच पडलेली नाही.

हसून झाल्यावर मात्र राग आला, आणि हे पत्र त्या रागापायी लिहिते आहे. अर्थ बघून नाव ठेवा असं सांगणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे हौसेने वाट बघितलेलं बाळ असतं. माझ्या डोळ्यांपुढे नकुसा येते.

शहरातल्या वाचकांना हे नाव कदाचित ठाऊक नसेल. घरात तिसरी किंवा चौथी मुलगी झाली की तिचं नाव नकुसा किंवा नकोशी ठेवायचं, म्हणजे देवाला निरोप पोचतो आणि पुढचा मुलगा होतो, अशी समजूत. आमच्या जिल्ह्यात हे सर्रास चालायचं. हा मक्ता आमचाच आहे असंही नाही. हरियाणात भतेरी असते, राजस्थानात धापू असते. दोन्हींचा भाव ‘पुष्कळ झाल्या’ असाच. आणि हे काही पणजीच्या काळातलं सांगत नाही. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा आपल्या राज्याने १९८८ मध्ये केला, देशात सगळ्यांच्या आधी. केंद्राचा कायदा १९९४ चा. तरीही सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे राज्यात २००१ च्या जनगणनेत ९१३ मुली होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या. माझ्या वर्गातल्या नकुसा याच काळातल्या. जन्माला आल्या एवढं त्यांचं नशीब, पण कुणाला नको होत्या ते हजेरीपटावर लिहिलेलं.

एकीचं सांगते. तिच्या आधीच्या मुलीचं नाव घेतलं, ती ‘हजर बाई’ म्हणाली, की लागलीच दुसरा आवाज यायचा, ‘हजर’. म्हणजे मी नाव घ्यायच्या आत हिची हजेरी लागलेली असायची. पहिले काही दिवस मला वाटलं, पोरीला घाई आहे. मग वह्या तपासताना लक्षात आलं. वहीच्या कव्हरवर नाव, इयत्ता, शाळा अशा छापील ओळी असतात. ही इयत्ता लिहायची, शाळा लिहायची, तुकडीसुद्धा लिहायची. नावाची ओळ कोरी. स्वभावाने ती अबोल होती, वर्ग झाडायला सगळ्यांच्या आधी हजर आणि खाऊ वाटताना सगळ्यांच्या मागे. लेखिकाबाई म्हणतील, बघा, नावाचा परिणाम.

थांबा. पुढे दुसऱ्या शाळेत बदली झाली, तिथेही एक नकुसा भेटली. ही वहीवर स्वतःचं नाव ठळक लिहून खाली दोन रेघा मारायची. कुणी चिडवलं की सरळ हाणायची, आणि मी विचारलं की ‘व्हय बाई, मीच हाणलं’ म्हणून पुढे यायची. खो-खोत तिला बाद करणं म्हणजे पोरांना घाम फुटायचा. मॉनिटर कोण, यावर तिने मुलांशी भांडून मान मिळवला होता. नाव तेच, गाव पंधरा-वीस कोसांवर, परिस्थिती थोड्याफार फरकाने सारखी, आणि दोघी एकमेकींच्या अगदी उलट. मग नावाचा अर्थ नेमका कोणाच्या स्वभावात उतरला?

माझ्या मते कोणाच्याच नाही. मात्र दोघींना रोज एका गोष्टीला तोंड द्यावं लागत होतं, जी वर्गातल्या सुनीताला किंवा मनीषाला माहीतही नव्हती. एकीने ती टाळली, दुसरीने अंगावर घेतली. स्वभाव त्यांचा त्यांनी आणला होता. नावाने फक्त खर्ची घातला.

त्या पहिल्या, अबोल नकुसाच्या वडिलांशी मी एकदा बोलले. माणूस वाईट नव्हता. पालकसभेला न चुकता यायचा, मुलीची फी, वह्या यात कधी हात आखडला नाही. म्हणाला, “बाई, नावात काय हाय? म्हातारीनं ठेवलं, पडलं.” मी म्हटलं, खरं आहे. मग पाठच्या मुलाचं नाव कसं ठेवलंत? तर भटजींकडून अक्षर काढून आणलं होतं, दोन्हीकडच्या आत्यांमध्ये त्यावरून रुसवेफुगवे झाले होते. नावात काही नसतं हे मुलीपुरतं.

आता कुणी म्हणेल, दगडू, धोंडू, केरू, भिकू अशी नावं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्यांचं काय? त्यांचाही अर्थ काही फार चांगला नाही. बरोबर, आणि म्हणूनच शब्दकोशातला अर्थ बघून काही हाती लागत नाही असं माझं म्हणणं आहे. आधीची मुलं दगावली की पुढच्याचं नाव दगडू ठेवायचे, दृष्ट लागू नये म्हणून, काळाने ‘हा काय, दगडच आहे’ म्हणून पुढे निघून जावं म्हणून. दगडू मोठा होतो तेव्हा त्याला हे सांगणारी आजी, मावशी घरात असते. आपण इतके हवे होतो की आपल्याला लपवून ठेवावं लागलं, हे त्याला ठाऊक असतं. कमरेत वाकलेले दगडूतात्या आपल्या नावाची गोष्ट पारावर रंगवून सांगताना मी ऐकले आहेत. नकुसाच्या नावाचीही गोष्ट असते. ती कुणी रंगवून सांगत नाही. पण गावात प्रत्येकाला माहीत असते, आणि तिला सगळ्यांच्या आधी.

महर्षी कर्व्यांचं नाव धोंडो. ते का ठेवलं असेल ते असो. या धोंड्याने १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला आणि १९१६ मध्ये बायकांसाठी विद्यापीठ. त्यांच्या स्वभावात धोंडा उतरला असता तर आमच्यासारख्या शिक्षिका कुठून झाल्या असत्या?

ऑक्टोबर २०११ मध्ये साताऱ्यात जिल्हा परिषदेने नकुसा, नकोशी अशा मुलींना शोधून काढून त्यांच्या नामकरणाचा मोठा कार्यक्रम केला. २८५ मुली होत्या. प्रत्येकीला नव्या नावाचं प्रमाणपत्र आणि फुलं दिली. देशापरदेशातल्या वर्तमानपत्रांत बातम्या आल्या. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते असं की अनेक मुलींनी नाव स्वतः निवडलं. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी वैशाली. सिनेमातलं नाव घेतलं म्हणून तेव्हा काही लोकांनी नाकं मुरडली. मला तसं वाटलं नाही. आपल्याकडे बाईचं नाव कुणी ना कुणी परस्पर ठरवतं. जन्मल्यावर आत्या, लग्नानंतर नवरा. कल्याणच्या यमुनेचं गोपाळराव जोश्यांनी आनंदी केलं, ती पुढे १८८६ मध्ये अमेरिकेतून डॉक्टर झाली. कुर्लेकरांच्या यमुनेची रानड्यांकडे रमा झाली. दोघींनी आपापल्या नव्या नावाचं सोनं केलं हे खरं, पण त्यांना ‘तुला काय म्हणायचं’ असं कुणी विचारल्याचं मी तरी वाचलेलं नाही. साताऱ्यात त्या दिवशी शाळकरी पोरींना हे विचारलं गेलं. ऐश्वर्या तर ऐश्वर्या!

कार्यक्रम चांगला होता, करणाऱ्यांच्या मनात कळकळ होती, यात मला शंका नाही. पण नाव व्यासपीठावर बदलत नाही, रजिस्टरमध्ये बदलतं. आणि इथूनच माझी खरी तक्रार सुरू होते.

शाळेत मूल दाखल झालं की जनरल रजिस्टरला जे नाव चढतं ते शाळा सोडल्याच्या दाखल्यावर उतरतं, दाखल्यावरून पुढच्या शाळेत, तिथून दहावीच्या गुणपत्रिकेत आणि मग सगळीकडे. त्या नोंदीत बदल करायचा तर शिक्षण खात्याची मंजुरी लागते, आणि ते योग्यच आहे. उद्या कुणीही उठून जन्मतारखा बदलेल. जन्मनोंदीत नाव नसेल तर ते मागाहून घालायची सोय १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात आहे. पण नकुसा म्हणून एकदा नोंद झाली की ती काढणं वेगळं. माझ्या वर्गातल्या एका मुलीचं नवं नाव नोंदवायला आम्ही रीतसर प्रस्ताव पाठवला. बऱ्याच हेलपाट्यांनंतर तो मंजूर होऊन आला तेव्हा त्यावर लिहिलं होतं, ‘नकुसा ऊर्फ’ आणि पुढे नवं नाव. कार्यालयातल्या साहेबांना विचारलं, तर म्हणाले, ओळख पटायला दोन्ही नावं बरी असतात. त्यांच्या खुर्चीवरून ते खरंही असेल. त्या मुलीच्या दाखल्यावर ते ‘ऊर्फ’ अजून आहे.

आता ती विशीतली बाई आहे, नोकरी शोधते आहे. मुलाखतीला गेली की कागद चाळणारा माणूस तिथे थांबतो, वर बघतो आणि विचारतो, “हे काय नाव?” इतर उमेदवारांना अनुभव विचारतात, हिला आधी आपल्या जन्माचा खुलासा द्यावा लागतो. मध्यंतरी राजपत्रात नावबदलाचा अर्ज भरायला माझ्याकडे आली होती. बाकीचं सगळं भरलं. एका रकान्यात नाव बदलण्याचं कारण विचारलेलं होतं. पेन तसंच धरून म्हणाली, “बाई, इथं काय लिहू?” लग्न झालेल्या मुली तिथे ‘विवाहामुळे’ लिहितात आणि मोकळ्या होतात. हिने आईबापाची तक्रार लिहायची का? आई-वडील तिचे अजून आहेत, ती त्यांना सांभाळते. शेवटी आम्ही ‘वैयक्तिक कारण’ असं लिहिलं.

माझी मागणी साधी आहे. २०११ च्या त्या यादीतल्या मुली, आणि यादीत कधी न आलेल्याही, आज बहुतेक मतदार आहेत, काही आया झाल्या आहेत. त्यांच्या शाळांची जुनी रजिस्टरं शाबूत आहेत. दाखल्यांसाठी तालुक्याच्या ठिकाणी शिबिरं लागतात, तसं या नावांसाठी एकेक शिबिर लावावं. शिक्षण खातं, ग्रामपंचायत आणि तहसील यांची माणसं एका टेबलाशी बसवावीत. तिथे मुलीने सांगितलेलं नाव लिहावं आणि ‘ऊर्फ’ लिहू नये. ओळख पटवायला जुना क्रमांक पुरतो, रजिस्टर नंबर त्यासाठीच असतो. कारणाच्या रकान्याची सक्ती अशांना नसावी. राज्य सरकारने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचं नाव लावण्याचा निर्णय घेतला, त्यासाठी कागदपत्रांचे नमुने बदलले. मनावर घेतलं की नमुने बदलता येतात हे त्यावरून दिसतंच.

आणि जाता जाता पुरवणीच्या संपादकांना. बाळांच्या नावांचं सदर जरूर चालवा, लोकांना आवडतं. फक्त अर्थाबरोबर स्वभावाची हमी देऊ नका. माझ्या त्या भांडखोर नकुसाने नाव बदललंच नाही. कार्यक्रमाला आलीच नव्हती. अलीकडे बाजारात भेटली, तेव्हा मी विचारलं. म्हणाली, “ऱ्हाऊ द्या की बाई. आता या नावानं मला सगळे वळखत्यात.” तिचा स्वतःचा शिवणाचा धंदा आहे आणि दुकानाच्या पाटीवर तेच नाव आहे. तिचं तिने ठरवलं. ज्यांना नको आहे त्यांनाही ठरवता यायला हवं.

पत्राखाली माझं नाव छापू नये ही विनंती. नावावरून शाळा कळतील आणि शाळेवरून त्या मुली.

आपली,
एक निवृत्त मुख्याध्यापिका, सातारा जिल्हा