उतारावरची तळघरे वापरात आणा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की आपल्या दैनिकात पूररेषेतल्या बांधकामांच्या बातम्या येतात, आणि त्या यायलाच हव्यात. पण त्या वाचून उंचावरच्या भागातली माणसेही तळघर म्हटले की हात झटकतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात आपल्या कोल्हापुरातल्या व्हीनस कॉर्नर, शाहूपुरी भागातल्या तळघरांचे काय झाले ते साऱ्या शहराने पाहिले आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. तिथे तळघरात उठबस करावी असे मी मुळीच म्हणणार नाही. मी बोलते आहे ते राजारामपुरीच्या वरच्या अंगाच्या, सागरमाळ, प्रतिभानगरकडच्या उतारावरच्या घरांबद्दल.

आमचे घर अशाच प्लॉटवर आहे. रस्त्याकडून पाहिले तर बैठे, परड्यातून पाहिले तर दुमजली. खालची खोली वर्षानुवर्षे अडगळीची होती: मोडका पलंग, उरलेल्या फरश्या, गौरी-गणपतीचे मखर. मी शिवणवर्ग चालवते. वरच्या सोप्यात मशिनी मांडल्या की सासूबाईंना चालायला वाट उरत नसे. वर मजला चढवायचा तर पाया आणि कॉलम ते वजन पेलतील का इथपासून सुरुवात. खाली मात्र भिंती उभ्या, डोक्यावर स्लॅब तयार. राहिला होता ओलीचा बंदोबस्त, गिलावा, फरशी, खिडक्या आणि वायरिंग. नवी खोली बांधण्यापेक्षा हे कितीतरी कमी खर्चात झाले.

यातले खरे काम ओलीचे, आणि लोक नेमके तिथेच पैसे वाचवायला बघतात. आमच्या गवंडी मामांनी आधी प्लॅस्टिकचा कागद जमिनीवर अंथरून चारी कडा टेपने बंद केल्या आणि दोन दिवस त्याला कुणाला हात लावू दिला नाही. कागदाच्या खालच्या अंगाला पाणी धरले तर ओल जमिनीतून येते, वरच्या अंगाला धरले तर ती हवेतली. आमची जमीन कोरडी निघाली. दोष होता मातीला टेकलेल्या भिंतीत. तिला कमरेएवढ्या उंचीपर्यंत लोणा लागला होता; बोट फिरवले की पांढरी भुकटी हाताला यायची. अशा भिंतीला आतून कितीही भारी रंग लावा, एका पावसाळ्यात पोपडे निघतात, कारण पाणी मागून ढकलत असते. मामांनी बाहेरची माती उकरली, भिंतीला बाहेरून वॉटरप्रूफिंग केले, तळाशी भोकांचा पाइप टाकून त्यावर खडी भरली आणि ते पाणी उताराने मागच्या गटारीला काढून दिले. मग भिंत पुरती वाळू दिली आणि त्यानंतरच आतला गिलावा केला. घाई करणाऱ्यांनी हे वाळवणे तरी टाळू नये.

आता एप्रिल-मेच्या दुपारी वर पंखा गरम वारा फेकतो तेव्हा खाली मुली निवांत काजे-बटणे करत बसतात. एका बाजूला माती असल्याने खोली लवकर तापत नाही. मशिनींचा खडखडाट वर जात नाही, सासूबाईंची दुपारची झोप मोडत नाही. मागच्या बाजूने वेगळे दार असल्याने गिऱ्हाईक घरातून ये-जा करत नाही. घरात राहून चार पैसे मिळवणाऱ्या बाईला या दाराची किंमत विचारा! पावसाळ्यात मात्र बाहेरची दमट हवा थंड भिंतीला लागून पाणी धरते, म्हणून समोरासमोर खिडक्या आणि एक एक्झॉस्ट पंखा हवाच.

काही गोष्टींत तडजोड नको. गॅस सिलिंडर खाली नेऊ नये. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचून राहतो. जनरेटरही नको. विजेची बटणे जमिनीपासून उंच घ्यावीत आणि वीज गळू लागताच ती तोडणारा ब्रेकर बसवावा. राष्ट्रीय इमारत संहितेत तळघराची उंची किमान २.४ मीटर सांगितली आहे आणि बाहेरचे पाणी आत शिरणार नाही अशी बांधणी मागितली आहे. उंची कमी असेल तर तिथे माणसे बसवण्याचा नाद सोडावा, सामान ठेवावे.

महापालिकेच्या नगररचना विभागाला माझी एक विनंती आहे. तळघर कशासाठी वापरता येते हे सामान्य माणसाला सहज कळत नाही. मग कुणी परवानगी न घेताच गुपचूप झोपण्याच्या खोल्या काढतो, तर कुणी भीतीने चांगली जागा कुजवतो. निळी (नेहमीच्या पुराची) आणि लाल (क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराची) पूररेषा आखलेली आहे. त्या दोन्हींच्या बाहेरच्या घरांसाठी, तळघरात साठवण, घरगुती उद्योग, अभ्यासिका यांपैकी काय चालते, काय चालत नाही आणि परवानगीला कोणती कागदपत्रे लागतात, हे मराठीत एका पानावर छापून प्रत्येक विभागीय कार्यालयात लावावे. पूररेषेच्या आतल्या तळघरांत गाळे काढून दुकाने थाटली जातात, त्यांना त्याच पानावर ठळक अक्षरांत मनाई असावी. हे पान मे महिन्याच्या आत लागले तर पावसाआधी कामे उरकता येतील.

आपली,
एक शिवणवर्गचालिका,
राजारामपुरी, कोल्हापूर