धावायच्या ॲपला आपली सगळी कुंडली कशाला?

संपादक महोदय,
आमच्या इकडे पोलीस भरतीवाले पोट्टे पहाटेच डांबरी रोडवर पळायला निघतात, अन् आता सगळ्यांच्याच मोबाईलमध्ये धावायचं ॲप असते. टाइम मोजायला घेतलेलं ॲप वजन, ठोके, झोप, लोकेशन, कॉन्टॅक्ट सगळंच मागते, इंग्रजीतलं लांबलचक पान येते, खाली ‘अलाऊ’, कोण वाचते, दाबलं की झालं. पोरी पाळीच्या तारखा टाकतात. घरातही ज्याबद्दल कोणी मोठ्यानं बोलत नाही राजेहो, तीच माहिती फ्लो नावाच्या ॲपनं फेसबुक, गुगलकडे दिल्याचा आरोप अमेरिकेच्या एफटीसी या ग्राहकांचं हित पाहणाऱ्या सरकारी संस्थेनं 2021 मध्ये केला होता. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे पेशंट कमी नाहीत, असलं काही फुटलं तर सोयरीक जुळताना काय होईल ते सांगायला नको.

2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात संमतीची नोटीस मराठीतही वाचायचा पर्याय द्यावा असं आहे, दंडही 250 कोटींपर्यंत, पण नियम आले नोव्हेंबर 2025 मध्ये अन् बहुतेक तरतुदींसाठी कंपन्यांना अजून 18 महिन्यांची मुदत. तोवर? अन् आरोग्याच्या माहितीला कायद्यात वेगळा कडक गटच नाही, हे मले तरी पटत नाही.

नुसतं ॲप उडवलं म्हणून कंपनीकडचा डेटा आपोआप जात नाही, हेही बऱ्याच जणांना माहीत नसते. ग्रामपंचायतीत नाहीतर कॉलेजात कोणीतरी परमिशन बंद करणं अन् अकाउंट डिलीट मारणं एवढं तरी शिकवावं.

— एक वाचक, जि. यवतमाळ