ज्वारीच्या पानावरचा थेंब आभाळातला नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या अंकात मंगळवेढ्याकडच्या कोवळ्या ज्वारीचा फोटो आला आहे. फोटो झकास, पण खाली दवात न्हालेलं पीक असं छापलंय ते पटलं नाही. त्यातले थेंब बघा, फक्त पानाच्या कडेला आणि शेंड्याला आहेत. दव असं जागा निवडून पडत नाही. ते पानभर पसरतं, शेजारचं तारेचं कुंपणही भिजवतं.

हे पाणी मुळांनी वर ढकललेलं आहे. रात्री पर्णरंध्रं (पानावरची बारीक छिद्रं) मिटतात, बाष्प जाणं जवळजवळ थांबतं. मुळं मात्र क्षार आत घेत राहतात आणि त्यांच्यामागे पाणी शिरतं. काळ्या रानात ओल भरपूर असली की आतला दाब वाढतो आणि पानाच्या कडेच्या जलरंध्रांतून पाणी बाहेर येतं. ही रंध्रं पर्णरंध्रांसारखी मिटत नाहीत. याला बिंदुस्राव म्हणतात. थेंब वाळल्यावर कधीकधी क्षारांचा पांढुरका डाग मागे राहतो. दवाचा तसा राहत नाही. (मावा ही कीड पडल्यावरचा चिकटा वेगळा. तो बोटाला चिकटतो.)

मी निवृत्त कृषी सहायक. एवढ्यावरून पत्र लिहिलं नसतं, पण यात खोडमाशी ही ज्वारीवरची कीड येते. माशी पानाच्या खालच्या बाजूला अंडं घालते. अळी ओलाव्यावरून सरकत पोंग्यात, म्हणजे मधल्या गुंडाळलेल्या पानांत उतरते, वाढता कोंब कुरतडते आणि पोंगेमर होते, म्हणजे मधला पोंगा वाळून जातो. मग बांधावर एकच वाक्य ऐकू येतं, ‘औंदा दव लई पडलं.’ १९९०च्या दशकात हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेत किरणोत्सारी खूण असलेलं पाणी देऊन ज्वारीची रोपं तपासली, तेव्हा तेच पाणी पोंग्यातल्या ओलाव्यात सापडलं. पोंग्यातली ओल जलरंध्रांतूनच येते असं मी म्हणत नाही, पण ती झाडाच्या आतली असते. खोडमाशीला दाद न देणाऱ्या वाणांच्या पोंग्यात ही ओल कमी आढळते.

म्हणजे दवाला बोल लावून भागत नाही. दव आपल्या हातात नाही. वाण आणि पेरणीची तारीख आहे. रब्बी ज्वारी पंधरा सप्टेंबरच्या आधी पेरायची घाई केली तर खोडमाशी जास्त लागते.

आपल्या शेतीच्या पानावर पेरणीच्या तोंडाशी यावर दोन कॉलम द्यावेत आणि सोबत पोंग्याचा जवळून काढलेला फोटो छापावा, ही विनंती.

आपला वाचक,
एक निवृत्त कृषी सहायक,
जुळे सोलापूर