डिस्कवरची रोजकीर्द आणि खतावणी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

सॉफ्टवेअर संथ झाले की पतसंस्थांमध्ये पहिली मागणी नव्या सर्व्हरची होते. एका पतसंस्थेचा डेटाबेस सांभाळताना मला आलेला अनुभव वेगळा आहे, म्हणून हे पत्र.

आमच्या पासबुकाच्या खिडकीवर रांग हटत नसे. खाते क्रमांकावर इंडेक्स (कोणती नोंद कुठे आहे हे सांगणारी सूची) असूनही 300 नोंदींचे पासबुक छापायला घेतले की प्रिंटर कित्येक सेकंद नुसता थांबून राही. मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरचे इनोडीबी इंजिन (नोंदी डिस्कवर ठेवणारा भाग) 16 केबीच्या पानांत नोंदी ठेवते आणि एकच ओळ, म्हणजे एकच नोंद, हवी असली तरी अख्खे पान वाचते. आमच्या नोंदी आल्या त्या क्रमाने मांडलेल्या असल्यामुळे एका खातेदारासाठी जवळजवळ 300 पाने उघडावी लागत. मिनिटाला 7,200 फेरे घेणाऱ्या हार्डडिस्कला, हवे पान वाचणाऱ्या हेडखाली येईपर्यंतच्या सरासरी अर्ध्या फेऱ्यालाच सुमारे 4 मिलिसेकंद लागतात, हेड सरकण्याचा वेळ निराळा. इंडेक्स पत्ता सांगतो, पण जावे दारोदार लागतेच.

जुन्या कारकुनांनी याचसाठी तारखेवार रोजकीर्द आणि खातेवार खतावणी अशा दोन वह्या ठेवल्या होत्या. आमचे टेबल, म्हणजे व्यवहारांच्या नोंदींचा तक्ता, ही रोजकीर्द होती आणि आम्ही तिच्याकडून खतावणीचे काम करून घेत होतो. इनोडीबीत ओळींची मांडणी प्रायमरी कीच्या (प्रत्येक ओळीची ओळख ठरवणाऱ्या क्रमांकाच्या) क्रमाने होते, म्हणून नुसत्या नोंद क्रमांकाऐवजी खाते क्रमांक आणि त्यापुढे नोंद क्रमांक अशी जोड की केली. साधारण दीडशे बाइटची एक, अशा शंभरेक नोंदी एका पानात मावतात. त्यामुळे तेच पासबुक मोजक्या पानांत आले आणि त्याच सर्व्हरवर रांग ओसरली.

याची किंमतही आहे. नवी नोंद आता शेवटी न बसता मध्येच शिरते, पान भरलेले असेल तर त्याची दोन अर्धवट पाने होतात, आणि दिवसाचे व्यवहार काढण्यासाठी तारखेवर निराळा इंडेक्स ठेवावा लागतो. पण नोंद एकदा लिहिली जाते आणि पुन्हा पुन्हा वाचली जाते, तेव्हा आम्हाला हे परवडले. फिरती तबकडी नसलेल्या एसएसडी डिस्कवर हेड सरकवावे लागत नाही हे खरे. तरीही पान अख्खेच वाचले जाते आणि नको असलेल्या ओळी मेमरी अडवून बसतात.

संचालकांनी सर्व्हरचे दरपत्रक मागवण्याआधी सॉफ्टवेअर पुरवठादाराला, व्यवहारांचे टेबल डिस्कवर कोणत्या क्रमाने मांडले आहे, एवढे लेखी विचारावे, ही कळकळीची विनंती.

आपला विश्वासू,
एका पतसंस्थेचा संगणक विभाग सांभाळणारा वाचक