शेजारच्या गाळ्यातील सिस्टिम ॲडमिन यांस, जाहीर आभार

सप्रेम नमस्कार.

आपले नाव कुठे लिहू नका, असे आपण बजावले होते, म्हणून ते येथे लिहीत नाही. तरी रबाळे एमआयडीसीतील आमच्या गल्लीत हे पत्र कोणासाठी आहे, हे सर्वांना कळेलच.

आमचे काम रबरी सील आणि गॅस्केटचे. या धंद्यात चौकशी, ड्रॉइंग, कोटेशन आणि पर्चेस ऑर्डर असे सारे काही मेलवर चालते, त्यामुळे मेल थांबला की मशीन सुरू असूनही कारखाना बंद पडल्यासारखाच असतो. आम्ही मेलची सेवा बदलली आणि त्यानंतर ग्राहकांचे काही मेल येईनासे झाले. सगळे नव्हे, फक्त काही. एकाच ग्राहकाचा सकाळचा मेल मिळे आणि दुपारचा परत जाई. चाकणच्या एका जुन्या ग्राहकाने अखेर फोन करून विचारले, की आपली कंपनी सुरू आहे ना? कारण परत आलेल्या मेलवर त्यांना ‘असा वापरकर्ता अस्तित्वात नाही’ असा इंग्रजी शेरा मिळाला होता.

ज्यांना वर्षाचे पैसे आगाऊ मोजले होते, त्या सेवा देणाऱ्या कंपनीने आधी आम्हांला स्पॅम फोल्डर पाहायला सांगितले. मग स्वतःच्या खात्यातून एक चाचणी मेल पाठवला, तो आम्हांला मिळाला, आणि तेवढ्यावर त्यांनी तक्रार निकाली काढली. आम्ही पुन्हा तक्रार नोंदवल्यावर उत्तर आले, की आपल्याकडील कर्मचाऱ्याने मेल डिलीट केले असण्याची शक्यता आहे. (हे उत्तर मात्र बिनचूक पोहोचले.) तो मेलबॉक्स आमच्या अकाउंट्सच्या काकू सांभाळतात. कंपनीच्या पहिल्या बिलापासून त्या येथे आहेत, आणि ते वाक्य त्यांनीच सर्वांत आधी वाचले. त्यानंतर त्या प्रत्येक मेल उघडण्यापूर्वी त्याची प्रिंट काढून ठेवू लागल्या. त्यांना कोणी काही बोलले नव्हते, पण ‘तुम्ही डिलीट केलेले नाही’ असेही ठामपणे कोणी म्हटले नव्हते, कारण तसे म्हणण्याइतके आमच्यापैकी कोणालाच कळत नव्हते.

आपण आलात ते स्वतःची पाळी संपवून, हेल्मेट हातात घेऊनच. आल्याबरोबर आपण चाकणहून परत गेलेला तो मेल जसाच्या तसा मागवून घेतला. इतक्या दिवसांत तो मागावा असे कोणाला सुचले नव्हते. त्यात नकार देणाऱ्या सर्व्हरचे नाव होते, आणि तो आमचा जुना सर्व्हर निघाला. आमच्या डोमेनच्या एमएक्स नोंदींत, म्हणजे आमचे मेल कोणत्या सर्व्हरकडे द्यायचे हे सांगणाऱ्या यादीत, नव्या सर्व्हरबरोबर जुनाही राहून गेला होता, आणि दोघांचा प्राधान्यक्रम १० होता. क्रम सारखा असेल तर पाठवणारा सर्व्हर त्यांपैकी कोणताही एक निवडतो. नव्याकडे गेलेला मेल मिळे आणि जुन्याकडे गेलेला ५५० हा नकाराचा आकडा घेऊन परत फिरे. हा नियम २००८ सालच्या आरएफसी ५३२१ या मेल पोहोचवण्याच्या तांत्रिक मानकात कोणालाही वाचता येईल असा छापलेला आहे, हे मी नंतर पाहिले, आणि आमच्या पैशांवर तज्ज्ञ म्हणवणाऱ्यांचा मला नव्याने राग आला.

दुरुस्ती आपण काही मिनिटांतच केलीत. पण हे पत्र त्या दुरुस्तीसाठी नाही. कारण सापडताच मी आपल्या शेजारी उभा होतो, आणि रीतसर पाहता आपण आधी मला, म्हणजे मालकाला, सांगायला हवे होते. आपण तसे केले नाही. आपण मॉनिटर काकूंच्या टेबलाकडे वळवलात, त्यांना खुर्ची पुढे घ्यायला सांगितलीत आणि त्या ओळीखाली बोट धरून म्हणालात, “काकू, हे वाचा. तुमच्या हातून काहीही डिलीट झालेले नाही. हे मेल तुमच्यापर्यंत आलेच नव्हते.” काकूंनी चष्मा पुसून ती ओळ वाचली, पुन्हा एकदा वाचली, आणि मग त्याची प्रिंट मिळेल का, असे विचारले. आपण दोन प्रती काढल्यात आणि एक माझ्या हातात दिलीत. त्या वेळी काही बोलायला मला सुचले नाही, म्हणून आता लिहितो आहे.

ज्ञान असलेली माणसे ठाणे-बेलापूर रस्त्यावर पैशाला पासरी मिळतात. समोरच्याची बाजू सिद्ध करणे हाही कामाचाच भाग आहे, असे मानणारी माणसे मात्र मला फार थोडी भेटली, आणि त्यांतील बहुतेकांच्या दारावर कोणत्याही सेवेची पाटी नव्हती. ज्याचा दोष नाही त्याला तसे सर्वांसमोर सांगायला कितीसा वेळ लागतो? तरीही मोठमोठ्या सपोर्ट विभागांना तो मिळत नाही.

निघताना आपण दोन गोष्टी केल्यात. बदललेली नोंद सगळीकडे पोहोचेपर्यंत उद्याही एखादा मेल परत जाऊ शकेल, हे न लपवता सांगितलेत. आणि पैशांचा विषय काढताच हेल्मेट डोक्यावर चढवलेत. चाकणच्या ग्राहकाला दाखवण्यासाठी आपण स्वतःच्या सहीने लिहून दिलेल्या तीन ओळी आम्ही त्यांना पाठवल्या, आणि त्यांची थांबलेली ऑर्डर आली.

काकूंसाठी आपण मराठीत लिहून दिलेला कागद त्यांनी टेबलाच्या काचेखाली ठेवला आहे: परत आलेल्या मेलमधील आकडा ५ ने सुरू झाला तर नकार कायमचा, ४ ने सुरू झाला तर तात्पुरता आणि पाठवणारा सर्व्हर स्वतःच पुन्हा प्रयत्न करणार. परवा एका पुरवठादाराला त्या फोनवर ऐकवत होत्या, की तुमचा आकडा ४ ने सुरू होतो आहे, तेव्हा उगाच दहा वेळा पाठवू नका, थोडे थांबा.

आपले ऋणी,
रबाळे येथील आपले शेजारी