साहेब, तो टॉवर नाही, डायपोल आहे

मा. मंत्रिमहोदय यांस,

सा. न. वि. वि.

वर खातं लिहिलेलं नाही, त्याबद्दल क्षमस्व. आमच्या गावात आलात तेव्हा आपल्याकडे एक खातं होतं, मग दुसरं झालं, आता तिसरं आहे असं पेपरात वाचलं. हे पत्र ज्या खात्यात बसेल त्यात बसवून घ्यावं.

गेल्या सोमवारी दुपारी कोतवाल एक कागद देऊन गेला. घराशेजारी उभारलेला ‘अनधिकृत मोबाइल टॉवर’ सात दिवसांत काढावा, नाहीतर आम्ही काढू आणि खर्च तुमच्याकडून वसूल करू, असा मजकूर. टॉवर म्हणजे काय, तर माझ्या परसातला नारळ. त्याला बांधलेली एक कप्पी आणि तिथून दोन्हीकडे दहा-दहा मीटर गेलेली तांब्याची तार, एक टोक आंब्याला, एक घराच्या कोन्याला. ही माझी अँटेना. आम्ही हौशी रेडिओवाले, म्हणजे हॅम, त्याला डायपोल म्हणतो. बायको दोरी म्हणते. मोबाइलचा टॉवर असता तर मला दरमहा भाडं मिळालं असतं, आणि गावात रेंज असती. सध्या ती मारुतीच्या देवळामागच्या कातळावर मिळते, तीही वारा बरा असेल तर.

तक्रार कुणाची ते कागदावर नाही. कारण मात्र आहे : लहरींमुळे नारळ गळतात. साहेब, माझ्या परवान्याप्रमाणे मला जास्तीत जास्त ५० वॅट वापरता येतात. तुमच्या सभेत तुमच्या डोक्यावर मी हजार वॅटचा हॅलोजन लावला होता. तुमचं काही गळलं का?

हो, तो माइकवाला मीच. लग्न, सत्यनारायण, शिमग्यातलं नमन, टेनिस बॉलच्या मॅची आणि पुढाऱ्यांच्या सभा, हा माझा धंदा. चिपळूणच्या महापुरानंतर तुम्ही पूरसंरक्षक भिंतीच्या भूमिपूजनाला आलात, तेव्हा दोन भोंगे आणि अँप्लिफायर माझाच होता. त्या माइकवरून तुम्ही म्हणालात, ‘‘या गावाला पर्जन्यमापक देऊ. आणि पुराच्या रात्री ज्यांनी काम केलं त्या हॅम मंडळींना घाटमाथ्यावर रिपीटरसाठी जागा देऊ. शब्द आहे माझा.’’ टाळ्या पडल्या आणि नेमकी माइकने शिट्टी मारली. मला तेव्हाच समजायला हवं होतं. सवयीने मी ध्वनिमुद्रण केलं होतं, ते अजून आहे.

ती रात्र तुम्हाला भाषणात दोन वाक्यांची होती, मला थोडी मोठी होती. २१ जुलै २०२१. वीज संध्याकाळीच गेलेली, मोबाइल साडेबाराला मेला. माझ्या पर्जन्यमापकाची बाटली साडेअकराला रिकामी केली होती, ती दोनला पुन्हा गळ्यापर्यंत. पावसाचा आवाज असा की शेजारच्या खोलीतलं बोलणं ऐकू येईना. रेडिओच्या सेटला काही अडचण नव्हती, लग्नसराईच्या बॅटऱ्या भरलेल्या होत्या. अडचण आकाशाची होती. दिवसा सात मेगाहर्ट्झवर आम्ही शेजारचे तालुके आरामात बोलतो. रात्री तीच लहर वरून आमच्या डोक्यावरून उडी मारते. दूर परदेशातला माणूस कानात बोलतो आणि चिपळूणचा ऐकू येत नाही. दोन मीटरच्या बँडवर, म्हणजे सरळ रेषेत जाणाऱ्या लहरींवर, बोलावं तर मध्ये डोंगर. म्हणून रिपीटर लागतो, साहेब. उंचावर ठेवलेला एक डबा, जो इकडचं ऐकून तिकडे सांगतो. तो नव्हता, म्हणून मी रात्री सव्वादोनला डोक्यावर इरलं घेऊन हातातला सेट घेऊन कातळावर चढलो, तेव्हा कुठे घाटमाथ्यावरच्या मित्राला ऐकू गेलो.

निरोप साधा होता. गणपती विसर्जनाच्या घाटाची अकरावी पायरी बुडाली, पाणी तासाला दोन पायऱ्या चढतंय, खालच्या वाड्या उठवा. त्याने तो साताऱ्याकडच्या एका हॅमला दिला. त्याचा फोन चालू होता, त्याने नियंत्रण कक्षाला लावला. तिकडून पहिला प्रश्न आला, ‘‘तुमचं पद काय?’’

पद नव्हतं. मग आम्ही टेम्पोवर भोंगा चढवला आणि ओरडत गेलो. दोन वाड्या उठल्या, तिसरीकडे रस्ताच राहिला नव्हता. उजाडेपर्यंत चिपळूणच्या बाजारपेठेत काय झालं ते साऱ्या महाराष्ट्राने पाहिलं. एसटीचे आगारप्रमुख रोकड सांभाळत बसच्या टपावर बसले होते. त्याच दिवशी रायगडातलं तळीये दरडीखाली गेलं. माझ्या घरात कमरेएवढं पाणी, दोन अँप्लिफायर आणि सोळा कॉलर माइक चिखलात. पंचनाम्यात ‘संगीत साहित्य’ असं लिहिलं आणि पुढे शून्य, कारण घरगुती भांडी-कपडे या सदरात ते बसत नाही. मी तेव्हा काही बोललो नाही. लोकांची माणसं गेली होती.

पण आता बोलतो, कारण दुसरी गोष्ट गेल्या महिन्यात घडली. आश्लेषात एका रात्री आमच्या खोऱ्यात ढग रिचला. सकाळी साडेआठला मी मोजला तो १४३ मिलिमीटर. साडेआठलाच, कारण देशभर पाऊस त्याच वेळी मोजतात. लावणी झालेली खाचरं वाहून गेली, बांध फुटले. आमच्या महसूल मंडळाचं स्वयंचलित केंद्र डोंगरापलीकडे, इथून अकरा किलोमीटरवर. तिथे ६१ नोंदला गेला. मंडळात ६५ झाला तर अतिवृष्टी, नाहीतर नाही. चार मिलिमीटरने आमचा पाऊस पडलाच नाही. कुणी पडला म्हटलं तर अफवा!

मी माझी पावसाची वही घेऊन कार्यालयात गेलो. ‘‘खासगी नोंद ग्राह्य नाही,’’ एवढंच म्हणाले, वही उघडूनही पाहिली नाही. मग मी टेम्पो काढून ते केंद्रच पाहायला गेलो. शेवग्याच्या झाडाखाली उभं आहे. शेजारची वस्तू जेवढी उंच, तिच्या निदान दुप्पट अंतरावर मापक हवं, हा पहिला धडा. आत एक छोटी वाटी असते, ठरावीक पाणी साचलं की उलटते, यंत्र तेवढे ठोके मोजतं. मुसळधार पावसात ती उलटेपर्यंत वरून पडतच असतं, त्यामुळे आकडा मुळातच थोडा कमी येतो. त्यात गाळणीत शेवग्याची पानं आणि कोळ्याचा संसार. मी फोटो काढला. रखवालदार म्हणाला, फोटो काढायला परवानगी लागते.

पाऊस अकरा किलोमीटरवर बदलतो हे पटत नसेल तर लांब जायला नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर झाला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला ७३. आपलं मंत्रालय कुलाब्याच्या बाजूला आहे, म्हणून तिथे पाऊस एकूण बेताचाच वाटत असावा.

माझ्या वहीला खासगी म्हणता, तर ती कशी भरते तेही ऐका. २३ वर्षं, म्हणजे आठ हजारांवर नोंदी. त्यातल्या चारेकशे बायकोच्या, मी माइक घेऊन परगावी असतो तेव्हाच्या. पावणेनऊला आम्ही सगळे सात मेगाहर्ट्झवर जमतो. घाटमाथ्यावरचा डॉक्टर, पाटणकडचा ऊसवाला, दापोलीचा एक कलमांचा बागाईतदार, असे आठ-दहा. प्रत्येकाने पाऊस सांगायचा, वारा सांगायचा, नदीच्या किती पायऱ्या बुडाल्या ते सांगायचं. मे महिन्यात सेटमध्ये कडकडाट वाढला की वीज लांब कुठेतरी चालू आहे हे आम्हाला ढग दिसायच्या आधी कळतं. समुद्रावर गरम हवेचा थर बसला की दोन मीटरवर किनाऱ्याकिनाऱ्याने अशी लांबची माणसं लागतात, जी एरवी शक्यच नाहीत. त्या दिवशी दापोलीकर इतका खूश असतो की पाऊस सांगायलाच विसरतो. खेडचे गुरुजी तीन वर्षांपूर्वी गेले. आमच्यात अशा माणसाला सायलेंट की म्हणतात. त्यांच्या सूनबाई अजून मापक वाचतात. त्यांना परवाना नाही, म्हणून फोन करून आकडा देतात, आणि आम्ही तो गुरुजींच्या कॉलसाइनसमोर, म्हणजे त्यांच्या रेडिओवरच्या नावासमोर, लिहितो.

याचे पैसे कुणी घेत नाही. घेताच येत नाहीत, परवान्यातच तशी अट आहे. किल्लारीला १९९३ ला आणि भुजला २००१ ला हॅम लोक आपापले सेट घेऊन गेले ते असेच. निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडकडे कित्येक दिवस फोन लागत नव्हते, तेव्हा दापोलीकराच्या ओटीवर निरोप द्यायला माणसांची रांग होती. आणि माळीण? ३० जुलै २०१४ ला अख्खं गाव डोंगराखाली गेलं, हे जगाला कुणी सांगितलं? एसटीच्या ड्रायव्हरने. गाडी घेऊन गेला आणि गाव दिसेना. तुमच्या उपग्रहाने नाही, ॲपने नाही.

ॲपचं निघालंच आहे तर. दर पावसाळ्याला एक नवं ॲप येतं, त्याचं उद्घाटन होतं (मांडव कुणाचा, माइक कुणाचा हे मला ठाऊक असतं), आणि जिथे रेंज नाही तिथे ते डाउनलोड करायला सांगतात. मोबाइलवर भोंग्यासारखा इशारा येतो, जिथे मोबाइल चालतो तिथेच. रेड अलर्ट येतो तो मंडणगडपासून राजापूरपर्यंत सगळ्यांना एकाच रंगाचा. शाळेला सुट्टी पडते आणि लख्ख ऊन. चौथ्या दिवशी रंग नसतो आणि नदी अंगणात. आमच्या नदीचं गणित काही अवघड नाही, साहेब. वरून पाऊस, मधून कोयनेच्या वीजघराचं अवजल, म्हणजे वीज करून सोडलेलं पाणी, खालून दाभोळच्या खाडीची भरती. त्या पुराच्या वेळी, २२ ते २३ जुलैच्या २४ तासांत, महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर झाला होता. पाऊस, अवजल आणि भरती, हे तीन आकडे तीन कार्यालयांत असतात आणि त्या तिघांचं एकमेकांशी बोलणं नाही. आम्ही आठ-दहा जण फुकटात रोज बोलतो, तर आमची दोरी काढा!

चूक मात्र कुणाचीच नसते. २०१९ ला आमच्याच तालुक्यात तिवरे धरण फुटलं, वीसच्या आसपास माणसं गेली, तेव्हा तुमच्यासारख्याच एका मंत्रिमहोदयांनी सांगितलं होतं की धरण खेकड्यांनी फोडलं. खेकड्यांना नोटीस गेली की नाही, कळलं नाही. ते टॉवर उभारत नसल्यामुळे वाचले असतील.

मागण्या लिहायच्या राहूनच गेल्या. नोटीस मागे घ्यावी. दर गावात साधं हाताने वाचायचं मापक बसवावं. त्याला एका उद्घाटनाच्या मांडवाइतकाही खर्च नाही. मांडवाचा भाव मला तंतोतंत माहीत आहे, मापकाचा अंदाजाने सांगतो. ते वाचायला अंगणवाडीताई आहेत, पोस्टमन आहे, आम्ही आहोत. तो शेवगा तोडू नका, केंद्र हलवा. आणि घाटमाथ्यावर दहा बाय दहा फूट जागा द्या, रिपीटर आम्ही वर्गणीतून आणतो. निम्मे पैसे जमले आहेत, गुरुजींच्या घरून आलेले पहिले.

सात दिवस येत्या सोमवारी पुरे होतात. तार खाली घ्यायला माणसं येतील तेव्हा पावणेनऊच्या आत येऊ नका म्हणावं. आकडे सांगून होऊ देत.

कळावे,

आपला,
एक माइकवाला

ता. क. : भूमिपूजनाच्या सभेचं माइकचं बिल, दोन भोंगे, एक अँप्लिफायर, जनरेटरसह ८,४०० रुपये, अद्याप येणं आहे. तुमचे स्वीय सहायक म्हणाले होते की ते खात्यातून निघेल. कुठल्या, ते कळवावं.